शंभरातले तीस

पाऊस येईल का, या प्रश्नाला आमच्या चंद्रप्रभेने तेवीस वर्षांच्या संसारात एकदाही सरळ ‘हो’ म्हटलेलं नाही. ‘साठ टक्के’ म्हणते. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधले शेजारी हसतात. मीही हसतो, आणि मुकाट्याने छत्री उचलतो. एका सरकारी कार्यालयात ती चक्रीवादळांच्या मार्गाचा अंदाज काढते. नकाशावर एक रेघ, आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. वादळ त्या पट्ट्यात कुठेही वळू शकतं. लोक मात्र मधली रेघच बघतात, आणि त्याचा तिला भयंकर राग.

तिचा धाकटा भाऊ विश्वनाथ हर्णैला मासेमारी करतो. दोन वर्षांपूर्वी तिचा इशारा ऐकून त्याने होडी वर ओढली, ‘वादळ येणारच’ असं वाडीभर शपथेवर सांगितलं आणि बायको अक्षयाला घेऊन उंचावरच्या शाळेत जाऊन बसला. वादळ आलंच नाही. तेव्हापासून वाडीत त्याची टर उडते.

यंदा दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वादळ उठलं. हर्णै पट्ट्याच्या कडेला होतं. इशारा जाहीर झाल्यावर ती घरी आली आणि चप्पलही न काढता भावाला स्पीकरवर फोन लावला.

“मी नाही जाणार, ताई. मधली रेघ आमच्यापासून केवढी लांब आहे!”

मी हळूच म्हटलं, “अगं, बिल्कुल ठाम सांग ना यार! येणारच म्हण. जीव वाचवायला थोडं खोटं चालतं.”

“एकदाच चालतं,” ती माझ्यावर उखडली. मग फोनवर म्हणाली, “विश्वनाथ, तुमच्याकडे यायची शक्यता शंभरात तीस.”

“म्हणजे सत्तर वेळा मी खरा!”

“हो. आणि तीस वेळा अक्षया विधवा.”

मी कपाळाला हात लावला. सणासुदीला सख्ख्या भावाला असं अभद्र कोण बोलतं! ही थांबायला तयार नाही.

“भाऊबीजेची ओवाळणी मला आत्ता हवी. दोघं शाळेत जा. वाडीलाही सांग, पण येणारच म्हणू नकोस. येईलच असं नाही, तरी चला, एवढंच सांग.”

“लोक वेड्यात काढतील.”

“काढू देत.”

पुढचे दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वादळ भर समुद्रातच विरलं. दुपारी विश्वनाथचा फोन आला.

“ताई, पुन्हा चुकलीस.”

“चुकले नाही. सत्तरातलं एक झालं. गेला होतास ना?”

“गेलो. आणि या वेळी अख्खी वाडी आली. म्हणाले, येईलच असं नाही म्हणतोस, म्हणजे खरं बोलतोयस. आता सगळे शिव्या घालतायत मला.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आवाज मात्र कडकच.

“घालू देत. पुढच्या वादळालाही त्यांना घेऊन जा.”