कडुनिंबाखालचा दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय तेही मन भरून आलंय म्हणून नाही—चीड आलीय म्हणून. माझी मलाच.

मी जमीन मोजणारा. गुजरातेत, अकोट्यात राहतो, अलीकडेच निवृत्त झालो. आमच्या घरात हे काम संस्थानाच्या काळापासूनचं, आणि आमच्यापैकी कुणी कधी खोटं माप दिलं नाही, असं अजून छाती फुगवून सांगतात. निरोपसमारंभातही सगळ्यांनी तेच ऐकवलं. मी आपला हात जोडून उभा. लाज कशी वाटली नाही मला?

पादरा गावाजवळ शांताबेन नावाच्या बाईंचं भाजीचं शेत होतं. शेजाऱ्याशी वाद विहिरीचा—ती कुणाच्या हद्दीत? आमच्या कामात आधी हद्दीचा जुना दगड शोधायचा आणि तिथूनच मोजायला लागायचं. बाई घसा फोडून सांगत होती, "साहेब, पथ्थर लीमडा नीचे छे, जुओ तो खरा!" पण त्या कडुनिंबाभोवती बाभळीचं रान, आणि माझ्याजवळ नवंकोरं मशीन. काट्यांत कोण शिरणार? मी कुंपणाचा कोपरा धरला, मोजलं आणि गावासमोर सांगून मोकळा झालो—विहीर शेजाऱ्याची. वर ऐटीत म्हणालो, "मशीन खोटुं न बोले, बेन."

इथवर नुसता हलगर्जीपणा. पुढचं—पुढचं सांगायलाच तर बसलोय ना?

निघताना लघवीला म्हणून त्याच बाभळीत शिरलो. बुटाला दगड लागला. वरची हद्दीची खूण स्पष्ट होती. उभ्या उभ्या मनातच ताडून पाहिलं: विहीर बाईचीच. बाहेर लोक चहा घेऊन माझी वाट बघत होते. त्यांच्यासमोर जाऊन 'चुकलो' म्हणायचं? मी? बुटाने त्या दगडावर माती लोटली, एक काटेरी फांदी ओढून वर टाकली आणि जाऊन चहा प्यायलो. लाच घेतली नव्हती. कुणी दटावलंही नव्हतं. नुसता तोरा, दुसरं काही नाही.

नंतर एकदा त्याच रस्त्याने जात होतो. शांताबेननी ओळखलं. उन्हाचे आलात, पाणी पिऊन जा म्हणाल्या. मग शेजाऱ्याला हाक मारून त्यांनी विहिरीवर जायची परवानगी मागितली, पाणी काढलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी तो रिकामा केला. तेव्हाही बोललो नाही.