बंद बोर्डावरची वीज

टेस्टरसरांचा पारा रोज सकाळी वर्कशॉपचं दार उघडतानाच चढायचा. समोरच्या भिंतीवर सरावाचा भलामोठा लाकडी बोर्ड. होल्डर, सॉकेट, बटणं, फ्यूज, सगळं कसं नटूनथटून बसलेलं. आणि वीज? नावालाही नाही. बाजूच्या मेन स्विचच्या पेटीला पितळी कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये. या संस्थेत पंख्याला वीज होती, ट्यूबलाइटला होती, प्राचार्यांच्या चहाच्या किटलीलाही होती. नव्हती ती फक्त इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला आलेल्या पोरांना. आता बोला!

'टेस्टरसर' हे नाव पोरांनीच ठेवलेलं. खिशाला लोक पेन लावतात, सर टेस्टर लावायचे. ऐन उमेदीत त्यांनी वायरमन म्हणून गल्ल्यांमागून गल्ल्या उजळल्या होत्या. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसे शिडीवरून उतरले आणि खडू हातात घेतला. कुणाच्या घरी गेले की आधी प्लगला हात लावून बघायचे गरम झालाय का, मग माणसांची विचारपूस. बायको म्हणायची, "अहो, निदान दारात आलेल्या माणसाशी तरी आधी बोला." सर म्हणायचे, "माणूस जळत नाहीये, प्लग जळतोय."

बोर्डावर संक्रांत आली ती चार वर्षांपूर्वी. एका पोराला सराव करताना बारीकसा झटका बसला. झटक्याने काही झालं नाही, पण हातातली पक्कड पायावर पडली आणि अंगठा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी त्याचा मामा ऑफिसात आला आणि आवाज असा लावला की शिपाईसुद्धा बाहेर जाऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत पेटीला कुलूप. तेव्हापासून पोरं बोर्डावर जोडणी करायची आणि सर म्हणायचे, "समजा, बटण दाबलं. समजा, दिवा लागला." पोरं कसली गप्प बसतात? उशिरा आलेला म्हणायचा, "समजा सर, मी वेळेवर आलो." वर्गात खसखस पिकायची. सरही हसायचे आधी. आता त्यांना हसू येत नसे, नुसता संताप यायचा. शिकवायची वीज, आणि शिकवतोय काय, तर लाकडाची फळी!

या वर्षी तर जिवाला घोरच लागला होता, कारण झटपटला नोकरी लागली होती. झटपट म्हणजे वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी. सर सांगायला लागले की निम्मं ऐकायच्या आत हिची जोडणी तयार, म्हणून ते नाव. विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात तिची निवड झाली आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. आईवडिलांना गगन ठेंगणं झालं होतं. सरांना मात्र झोप लागेना. त्या कारखान्यात 'समजा' चालणार नव्हतं. तिथे तारेत खरी वीज असणार, आणि ही पोर सवयीने झटपट हात घालणार.

शुक्रवारी सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. "एक तास द्या. फक्त एक तास बोर्ड चालू करा. मी शेजारी उभा राहतो."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "चार वर्षांत आपल्याकडे एकही अपघात नाही. बाकीच्या संस्था आपलं उदाहरण देतात."

"अहो सर, अपघात होईल कसा? वीजच नाही!"

"तेच तर म्हणतोय मी," प्राचार्य शांतपणे म्हणाले, आणि किटलीचं बटण दाबलं.

घरी आल्यावर सरांनी चप्पल अशी भिरकावली की एक सोफ्याखाली गेली. मग जे सुरू झाले ते थांबेचनात. प्राचार्य, कुलूप, त्या पोराचा मामा, पोरांची घाई, सगळ्यांचा उद्धार झाला. बायको दवाखान्यात दिवसभर केसपेपर काढून, लोकांची बोलणी ऐकून आलेली. तिने भाजीची पिशवी ओट्यावर आपटली. "मला कशाला ऐकवताय? मी लावलंय का कुलूप? आणि एवढी वीज वीज करताय, तर आपल्या घरात आहे ना ती? बिल तर दर महिन्याला येतं!"

सरांची नजर ओट्यामागच्या मिक्सरच्या बोर्डावर गेली. बायको चिडून बोलून गेली, पण बोलली ते खरंच होतं.

रविवारी सकाळी झटपट आणि वर्गातली आणखी चारजणं सरांच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी राहिली. बायकोने कुरकुरत डबे हलवून जागा केली होती. मिक्सर जिथे लावतात त्या बोर्डाचे स्क्रू सरांनी सैल केले आणि झाकण पुढे ओढलं. आतल्या तारा उघड्या झाल्या. मेन स्विच त्यांनी मुद्दामच चालू ठेवला होता. पोरांनी एकदा तरी खरी वीज समोर बघावी, टेस्टरचा दिवा लागलेला बघावा आणि हात मागे घ्यायला शिकावं, एवढाच बेत होता.

"झटपट, पुढे ये. हात लावायचा की नाही, ते तू ठरवायचं. बाकीच्यांनी नीट बघा. अरे, तू फ्रिजला टेकून काय उभा राहिलायस? हे काय थिएटर आहे? आणि तू, मोबाइल खिशात घाल आधी! दोन वर्षं घसा कोरडा करतोय मी, पण तुमच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

सर त्या दोघांवर डाफरत असताना झटपटने टेस्टर तारेला लावला. सरांनी मान वळवून बघितलं. दिवा लागला नव्हता.

"बंद आहे, सर."

"बरोबर. पुढे," सर म्हणाले.

वर्कशॉपच्या बोर्डासमोर गेली चार वर्षं हेच दोन शब्द त्यांच्या तोंडून निघत आले होते. ते आताही तसेच निघून गेले. झटपटचा हात तारेकडे गेला.

"अगं ए, हात काढ!" बायको किंचाळली. "फ्रिज चालू आहे! त्याच बोर्डावर आहे तो, घरघर ऐकू येत नाही का?"

झटपटने हात असा मागे ओढला की मागच्या पोराच्या नाकावर कोपर बसलं. फ्रिज आपला घरघरत होता. सर कसेबसे स्टुलावर टेकले, मग उठले, आधी मेन स्विच बंद केला, आणि पुन्हा खाली बसले.

टेस्टर बिघडलेला नव्हता. झटपटने तो प्लास्टिकच्या मुठीला धरला होता. टेस्टरच्या मागच्या टोकाला धातूची टोपी असते. तिच्यावर बोट टेकवलं नाही, तर तारेत वीज असूनही दिवा लागत नाही. सरांनी हे पहिल्याच आठवड्यात चित्र काढून शिकवलं होतं, परीक्षेत प्रश्नही विचारला होता, आणि झटपटला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. पण बंद बोर्डावर बोट टेकवा नाहीतर नका टेकवू, दिवा कधी लागायचाच नाही. मग कशाला टेकवतंय कोण?

थोड्या वेळाने सरांनी पुन्हा मेन चालू केला, झटपटचं मनगट स्वतः धरलं आणि तिचं बोट टोपीवर ठेवलं. टेस्टरमध्ये नारिंगी ठिपका पेटला.

"असा लागतो होय?" झटपट म्हणाली. बाकीची चौघंही मान पुढे काढून बघत होती. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या त्या पाचजणांपैकी एकानेही आजवर टेस्टर लागलेला बघितला नव्हता. सरांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. प्राचार्यांनी कुलूप लावलं हे खरं, पण त्या कुलपासमोर उभं राहून 'बरोबर, पुढे' कोण म्हणत होतं?

"उद्या कामावर जायचं नाही," सर म्हणाले.

झटपटचे डोळे भरून आले. "सर, असं काय करता? जागा जाईल माझी! घरी काय सांगू?"

सरांनी तिच्याकडून कारखान्याच्या सुपरवायझरचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. ही मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, आठ दिवस उशिरा येईल, अजून तयार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"तयार नाही कशी?" सुपरवायझर म्हणाला. "तुमच्याच सहीचं सर्टिफिकेट आहे की इथे. उत्तम म्हणून लिहिलंय."

"ते चुकून लिहिलंय. तिला टेस्टर धरता येत नाही."

पलीकडे सुपरवायझर हसला. वाईट माणूस नव्हता तो. "सर, एवढं काय मनाला लावून घेता? तुमच्याकडची सगळी पोरं अशीच येतात. आठ दिवस तर आठ दिवस, जागा ठेवतो मी."

झटपटने डोळे पुसले. सरांनी मात्र फोन ठेवला नाही.

"सगळी म्हणजे? मागच्या वर्षी तुमच्याकडे तिघं आले होते माझे."

"हो, आले होते ना."

"त्यांना पुढच्या रविवारी माझ्या घरी पाठवा. तिघांनाही. काय वाटेल ते करा, पण पाठवा."

सुपरवायझरचं हसू थांबलं. मग म्हणाला, "दोघांना पाठवतो, सर. तिसऱ्याचा पॅनेलमध्ये हात भाजला, तेव्हापासून तो घरीच असतो."