म्हशींनी खाल्लेलं खोकं

पेणपासून रोह्यापर्यंतच्या समस्त म्हशींना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, खाण्याजोगी खोकी बनवणारे जगातले एकमेव कारखानदार, आमचे परममित्र इस्माईल यांचे निधन झाले आहे. तरी सर्वांनी रवंथ क्षणभर थांबवावे.

हसलात? तो असता तर सगळ्यांत मोठ्यानं हसला असता. मला अजून ही बातमी धड सांगता येत नाही, म्हणून हे सोंग. पेणच्या माझ्या कारखान्यात शाडूच्या गणपतीचे डोळे आखत होतो, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, मेहरून भाभींचा फोन आला. "भाऊ, ते गेले." त्या गणपतीचा दुसरा डोळा मला आखता आला नाही... कारागिरानं आखला.

आम्ही दोघं कासू गावच्या शाळेतले. मी मूर्तींत रमलो, तो सौदीला गेला, ऑलिव्ह तेलाच्या गिरणीत. फळं पिळून तेल काढलं की मागे चोथ्याचे ढीग उरतात. त्या चोथ्यापासून दाबून काढलेल्या थाळ्या, खोकी, भिंतींचे तक्ते त्यानं तिथं पाहिले आणि गडी वेडाच झाला. लोक तिकडून अत्तर आणतात, यानं माझ्यासाठी चोथ्याची थाळी आणली. "मूर्तीवाल्या, पेंढ्यात कसले गणपती पाठवतोस? मी खोकं बनवतो. सोंड मोडली तर माझं नाक काप!"

रोह्याला घरामागे त्यानं शेड टाकली. इकडे ऑलिव्ह कुठलं? मग घाण्यावरची खोबऱ्याची पेंड आणली, दाबली, वाळवली, आणि तयार झालं एक देखणं खोकं. आत माझा गणपती बसवून आम्ही टेम्पोनं निघालो. वडखळला चहाला उतरलो. परत येतो तर दोन म्हशी टेम्पोत तोंड घालून जेवतायत! पेंड म्हणजे गुरांची मेजवानी, हे कोकणात जन्मलेला हा माणूस साफ विसरला होता. खोकं जवळजवळ संपलं होतं आणि सोंड मोडून खाली पडली होती. भर रस्त्यात इस्माईल माझ्यापुढे नाक करून उभा राहिला. "घे, काप."

"राहू दे," मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप यायला वर्षं गेली. पेंड सोडून त्यानं भातगिरणीतला तूस घेतला, ज्याला म्हशी हुंगूनसुद्धा बघत नाहीत. खळ घालून तो साच्यात दाबायचा. खोकी तडकायची, भिजून फुगायची, हा पुन्हा साचे कोरायचा. मधल्या काळात तुसाचे तक्ते करून भाभींच्या स्वयंपाकघरात पत्र्याखाली ठोकले. "आता चूल पेटली तरी डोकं तापत नाय हिचं," असं तो म्हणायचा, आणि भाभी आतून ओरडायच्या, "तुमच्यामुळं तापतं, पत्र्यामुळं नाय!"

यंदा अखेर त्याचं खोकं मला पसंत पडलं. परदेशी जाणारी एक मूर्ती मी त्यात बसवली. तोवर त्याच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली होती. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवरून त्यानं तब्येतीचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पोचली काय?"

"जहाज आहे बाबा, टेम्पो नाही."

तो डोळे मिटून हसला. "बरं हाय. समुद्रात म्हशी नसतात."

आमचं शेवटचं बोलणं हे... मूर्ती पोचायच्या आधी तोच गेला.

गेल्या आठवड्यात परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून मूर्तीचा फोटो आला. मी तसाच रोह्याला गेलो. भाभी त्या तक्त्यांखाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर चुलीच्या धुरानं तक्ते काळवंडले होते, पण एकही सैल झाला नव्हता. मागच्या शेडचं दार सताड उघडं होतं, साचे उन्हात मांडलेले. मी मोबाइल पुढे केला. उघडलेलं तुसाचं खोकं, आत गणपती, सोंडेवर ओरखडासुद्धा नाही. भाभींनी सूप खाली ठेवलं, फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि शेडच्या दाराकडे मान वळवून मोठ्यानं हाक मारली,

"अवो, ऐकता ना? नाक वाचलं तुमचं!"