गोजाबाईच्या भांडणाची सोय

गोजाबाई आता फार दिवस काढत नाही, अशी बातमी पिंपरीच्या औषध कारखान्याच्या कॉलनीत पसरली, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. तिच्या सुनेची, कुसुमची, हीच तर पंचाईत होती. नवरा ज्या कारखान्यात कामाला होता तिथं पेनिसिलिन तयार होत होतं, पण ते टोचायला आधी काहीतरी रोग हवा ना!

अर्जुनरावांना नोकरी लागली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तसं त्यांनी खटाव तालुक्यातल्या गावाहून आईला मोठ्या हौसेनं आणलं. घरात नळ, दिवे, गुळगुळीत फरशी. म्हातारीनं सगळं बघून घेतलं. औषध बुरशीपासून करतात हे ऐकल्यावर "आमच्याकडं शिळ्या भाकरीवर फुकट यायची की!" एवढं बोलली आणि भिंतीकडं तोंड करून बसली ती बसलीच. चतकोर भाकरी कशीबशी गिळायची. पाय धरलेत म्हणून चालायची नाही. उठता-बसता "देवा, उचल रं बाबा" म्हणायची. देवाला तिची घाई नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती, जीभ, डोळे सगळं तपासलं.

"आजार काही नाही. यांच्याशी बोलायला कुणी आहे का?"

"सगळेच बोलतात की," कुसुम म्हणाली.

आणि ते खरंच होतं. शेजारच्या सुरय्याभाभी रोज सकाळी "आजी, बऱ्या आहात ना?" विचारायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाई सत्यनारायणाचा प्रसाद आणून पाया पडायच्या. सगळे इतकं गोड बोलायचे की म्हातारीला मळमळायला लागायचं.

गावी तिचं असं नव्हतं. तिथं रंभा नावाची तिची जाऊ होती आणि दोघींच्या अंगणांमध्ये एक बुटकी भिंत. उजाडलं की दोघी भिंतीपाशी हजर. हरवलेली कोंबडी, चोरलेल्या गोवऱ्या, कधीकाळच्या लग्नातला मानपान, विषयाला तोटा नव्हता. नवी नवरी होऊन आलेली कुसुम तेव्हा लाजेनं आत पळायची. म्हातारीची खरी न्याहारी तीच, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं एका सकाळी, दूध घेताना. पिंपरी गावातली अंबूबाई दारोदार दूध घालायची. तिनं माप ओतलं आणि गोजाबाईनं मान वळवून पातेल्यात बघितलं.

"हे म्हशीचं हाय का पवना नदीचं?"

अंबूबाईनं किटली खाली ठेवली. "ओ म्हातारे, ताथवड्याची लेक हाय मी! माझ्या म्हशीला नाव ठिवायचं काम न्हाई."

"ताथवड्यात म्हशी बी असत्यात व्हय? मला वाटलं नुसती तोंडंच असत्यात."

"तुमच्या खटावात प्यायला पानी न्हाई, म्हणून जिथंतिथं नदीच दिसती तुमाला!"

दूध निवलं तरी दोघी गरमच होत्या. त्या दुपारी गोजाबाईनं खर्ड्याबरोबर दीड भाकरी खाल्ली आणि वर ताक मागितलं. कुसुम बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं अंबूबाईला कोपऱ्यावरच गाठलं. "मावशी, आज बी भांडाल का? त्या तेवढ्यावर जेवतात."

अंबूबाई आधी चमकली, मग हसली. "न भांडून सांगती कुणाला? माझ्या सुना पाया पडत्यात अन् गप बसत्यात. मी बोलले की नुसत्या माना हलवत्यात. जीभ गंजायला लागली माझी."

मग काय, रोजचाच सामना. म्हातारी दूध यायच्या आधी वेणी घालून पायरीवर बसू लागली. जोर आला की उठून उभी राहायची. धरलेले पाय तेव्हा बरोबर सुटायचे. कॉलनीतल्या खिडक्या उघडायच्या. सुरय्याभाभींनी तर ऐकू येत नाही म्हणून नवऱ्याला रेडिओ बंद करायला लावला.

पण साहेबांनी अर्जुनरावांना विचारलं, "तुमच्या दारात सकाळी काय गोंधळ असतो हो?" अर्जुनराव पार ओशाळले. घरी येऊन त्यांनी अंबूबाईचं दूध बंद केलं आणि भैरू नावाचा गवळी लावला. भैरू दूध घालून हात जोडायचा. म्हातारी पुन्हा भिंतीकडं वळली.

एका दुपारी कुसुम गिरणीतून दळण घेऊन आली, तर अंथरूण रिकामं. ती फाटकाकडं धावली.

"आजी गेल्या की मुंबई रस्त्यापल्याड," पहारेकरी म्हणाला. "ट्रकवाल्याला शिव्या घालून ट्रक थांबवला त्यांनी!"

कुसुम रस्ता, मग रेल्वेचे रूळ ओलांडून धापा टाकत पिंपरी गावात पोचली. म्हातारी अंबूबाईच्या गोठ्यात कमरेवर हात देऊन उभी होती.

"ही म्हैस? मला वाटलं शेळीला काजळ फासलंय."

"मग कशाला सुनेला पाठवता माझ्या मिनत्या करायला, भांडा म्हणून?" अंबूबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

गोजाबाई सावकाश वळली. "तू सांगितलंस हिला?"

"व्हय, आत्या. तुमी जेवत नव्हता."

"परक्या बाईला सांगाया गेलीस! तुला काय वाचा न्हाई? लगीन झाल्यापास्नं नुसतं व्हय आत्या, व्हय आत्या. पोपट बरा तुझ्यापरीस."

आजवर गिळलेलं सगळं कुसुमच्या तोंडाशी आलं. "पोपटाला कुणी म्हणत न्हाई, कालवणात मीठ कमी हाय! अन् तुमी भिंतीकडं तोंड करून बसल्यावर मी काय तुमच्या पाठीशी भांडू?"

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की कुसुमला धीर यायच्या ऐवजी धडकीच भरली.

"ऐकलंस?" तिनं अंबूबाईला सुनावलं. "माझी सून हाय ती."

अंबूबाईनं दोघींना चहा पाजला. तो पाणचट होता आणि गोजाबाईनं तसं सांगितलंही. उद्यापासून दूध पुन्हा हिचंच, असं ठरलं. पुढं कित्येक वर्षं ते चालू राहिलं, म्हातारीही चालू राहिली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर रूळ ओलांडताना तिनं कुसुमचा खांदा धरला, पण मिठावरचा वाद काही सोडला नाही. कुसुमनंही सोडला नाही. अर्जुनराव दारातच उभे होते.

"कुठं गेला होतात दोघी? लोक काय म्हणतील?"

सासू-सुना एकदमच त्यांच्यावर घसरल्या.