समोरच्या फ्लॅटमधला दिवाळी अंक

सिंगापूरला वुडलँड्समध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर मलाय गृहस्थ राहायचे. त्यांचा जन्म दक्षिणेकडच्या एका छोट्या बेटावरचा. त्यांचे पूर्वज होडीतच संसार करणारे, राजे आणि इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून या बेटांवर राहणारे. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी इथल्या इतिहासावर लिहितोय हे कळल्यावर त्यांनी तीन दुपारी बसून मला हे सगळं सांगितलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

लेखात मात्र मी लिहिलं, की ही बेटं ओसाड होती आणि आपल्या चोळ राजांची जहाजं आल्यावर वसली. वाचणाऱ्यांना तेच आवडणार, हे मला ठाऊक होतं.

अंक आल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, आम्ही कुठे आहोत यात?" त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मी मधल्याच एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

"एवढेसेच?" ते हसले. "असू दे. आहोत ना!" अंक त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला.

ते वारल्यावर त्यांची मुलगी तो घेऊन आली. "अंकल, बाबांचं जरा वाचून दाखवा." मी पानाकडे बघत, वहीतलं आठवेल तेवढं इंग्रजीत सांगितलं. ती रडली. मला काहीच वाटलं नाही. वही कधीच रद्दीत गेली होती.

त्या पानावर तिचे वडील नाहीत. त्यांचे लोक इथे आधीपासून होते. हे सगळं मी यंदाच्या अंकाला देतो आहे. त्याआधी समोरचं दार वाजवून त्यांच्या मुलीला हे सांगायला हवं.