मिरची, धूप आणि कथक

नाचणाऱ्या चार बायका जमल्या की तालासुरांच्या गप्पा होत असतील, असं लोकांना वाटतं. आमच्या गप्पा मात्र शिंका आणि खोकल्यावरच जातात! गुलमंडीजवळ आमचा कथकचा क्लास होता. एकच खोली, खिडक्या रस्त्याच्या धुळीमुळं कायम बंद. खाली मसाल्याचं दुकान. अशा खोलीत किस्से जमणार नाहीत तर काय!

*

उन्हाळ्यात खाली मिरची कांडायचं यंत्र सुरू व्हायचं. एकदा आमच्या गुरू सुनंदाताई टाळी देत बोल म्हणत होत्या आणि आम्ही तोच तुकडा तीनदा घेत तिहाई करत होतो. शेवटचा पाय समेवर पडणार, तेवढ्यात सगळ्याजणी एकदम शिंकलो!

ताईंनी शांतपणे पदरानं नाक पुसलं. "सम बरोबर आली," म्हणाल्या, "फक्त नाकातून आली!"

*

कांचन फुलंब्रीहून एसटीनं यायची. तिच्या पहिल्याच दिवशी ताईंनी वंदनेआधी भरपूर धूप घातला. वंदना संपली तेव्हा कांचनच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

ताई गहिवरल्या. "बघा गं, पहिल्याच दिवशी डोळे भरून आले. ह्याला म्हणतात भाव!"

"भाव नाय ताई," कांचन खोकत म्हणाली, "धूर हाय!"

*

कार्यक्रम जवळ आला आणि नेमका तेव्हाच मालकानं खोलीला ऑइलपेंट मारून घेतला. वास असा की डोकं भणभणायचं. पण तालीम चुकवून कसं चालेल? ताईंनी गिरक्यांचा, म्हणजे चक्करांचा, तुकडा घ्यायला लावला. कांचन मध्येच मटकन खाली बसली.

"अगं, चक्कर घेतीयेस का चक्कर आलीये?"

"घेत व्हते ताई, मधीच आली!"

हसता हसता ताईंनीच दाराची चौकट धरली. त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

*

ह्या पुढच्या गोष्टीला आम्ही हसत नाही. शबाना आमच्यात सगळ्यात चांगली नाचायची. पण त्या वर्षी ती घडीघडी कोपऱ्यात जाऊन घुंगरू पुन्हा बांधायला लागली. आम्ही म्हणायचो, "नवी दोरी घे की एकदाची!" एकदा ताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तर घुंगरू घट्टच होते. ती खाली वाकून श्वास गोळा करत होती. छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"बोलले तर अम्मी क्लास बंद करतील, ताई."

ताई स्वतः तिच्या अम्मीसोबत डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर असतो का, धूळ, मिरची, रंगाचा वास? अम्मी प्रत्येक प्रश्नाला "नहीं, घर में कुछ नहीं" म्हणत होत्या. ताईंची मान मात्र खाली खाली जात होती. शेवटी त्यांनीच क्लासच्या खोलीचं सगळं सांगितलं.

डॉक्टर औषध लिहून देत म्हणाले, "मुलीला नाचू द्या. त्या खोलीत नको."

ताईंनी परत आल्यावर धुपाटणं विझवलं, घुंगरांची पेटी उचलली आणि खोलीला कुलूप लावलं.

*

दुसऱ्या दिवसापासून क्लास ताईंच्या घराच्या गच्चीवर. ऊन उतरलं की पाणी मारायचं, फरशी निवली की नाचायचं. हवा मोकळी. हळूहळू शबाना पूर्ण तुकडा न थांबता करायला लागली.

धास्ती एकच होती. गच्चीला लागूनच शेजारच्यांची खिडकी. आत एक म्हातारे चाचा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. "त्यांना त्रास झाला तर इथूनही उठावं लागेल," असं म्हणून ताईंनी आम्हाला पाय हलके टाकायला सांगितलं. आम्ही घुंगरांत कापूस कोंबून नाचायचो! कथक कसलं, मांजरं चालल्यासारखं.

तरी एका संध्याकाळी खिडकी धाडकन उघडली. चाचांची बायको उभी. आम्ही जागच्या जागी थिजलो. शबानानं ताईंचा हात धरला.

"खाला, माफ करा," ताई पुढं झाल्या. "आवाज जातोय का फार?"

"उसी के वास्ते बोलने आई," खाला म्हणाल्या. "जरा जोर से बजाओ ना बेटा. हमारे मियाँ कू कम सुनाई देता!"