कुत्र्यांच्या पडवीतली कबुली

कागदोपत्री ते प्रकरण एका दुपारीच बंद झालं. मला मात्र ते आजही तारीख-वारासकट आठवतं, आणि कागदावर जे आहे ते खोटं आहे हे सांगण्यासाठीच मी लिहितो आहे.

इथली मराठी मंडळी मला पोलीस समजतात. मी पोलीस नव्हतो. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात अधिकारी होतो, आणि शेवटची काही वर्षं अंतर्गत चौकशीचं काम माझ्याकडे होतं. पिस्कॅटवेच्या आमच्या इमारतीत विद्यापीठात शिकणारी पुण्या-नागपूरची मुलं राहतात. लिफ्टमध्ये भेटली की म्हणतात, "काका, एखादी सॉलिड केस सांगा ना." मी हसण्यासारख्या सांगतो. ही कधी सांगितली नाही. मुलगा बेलव्ह्यूहून रविवारी फोन करतो, त्यालाही नाही.

तुरुंग कमी सुरक्षेचा होता. म्हणजे कोठड्या नाहीत, बुरूज नाहीत. बाहेर दुहेरी कुंपण, आत लांबलचक बराकी, आणि त्यांत छातीइतक्या उंचीच्या भिंती घालून पाडलेले कप्पे. ती जागा मुळात क्षयरोग्यांसाठी बांधलेली. पुढे लढाईच्या काळात तिथे जखमी सैनिक ठेवले, मग बरीच वर्षं ती ओस पडली, आणि नंतर सरकारनं तिचा तुरुंग केला. रोग्यांना ऊन मिळावं म्हणून दक्षिणेला बांधलेल्या रुंद पडव्या तेवढ्या तशाच राहिल्या होत्या.

कैद्यांसाठी तिथे बरंच काही चाले. शाळा सुटलेल्यांना परीक्षेला बसवत, सुतारकाम शिकवत, नशामुक्तीचे वर्ग भरत. पण सगळ्यात जास्त अर्ज येत ते कुत्र्यांच्या कामासाठी. एक संस्था पिल्लं आणून द्यायची. कैद्यांनी ती दीड वर्ष सांभाळायची, दार उघडायला, पडलेली वस्तू उचलून द्यायला शिकवायची. पुढे ती अपंग झालेल्या सैनिकांच्या घरी जात. या कामावर पाच कैदी होते आणि पडवीचा एक भाग त्यांच्याकडे होता. दुपारी चारच्या मोजणीला प्रत्येक कैद्यानं आपल्या कप्प्यात उभं राहायचं असतं. हे पाच जण उभे राहिले की कुत्री त्यांच्या पायाशी बसत. नव्या शिपायानं आकडा सांगितला की आम्ही विचारायचो, "कुत्री धरून की सोडून?"

त्या पाचांची नावं कोणी घेत नसे. कुत्र्याच्या नावावरून पेनीवाला, टोबीवाला असंच म्हणायचे. नावं मी इथेही घेणार नाही.

पेनीवाला पन्नाशी उलटलेला, अमली पदार्थांच्या वाहतुकीत अडकलेला माणूस. बाहेर त्याचं कोणी नव्हतं. सुटायला पाच महिने होते आणि संस्थेनं त्याला पत्र दिलं होतं की सुटल्यावर आमच्याकडे पगारावर कुत्री शिकवायला या. त्या वयाच्या कैद्याला असं पत्र आलेलं मी सबंध नोकरीत एकदाच पाहिलं. त्याची प्रत माझ्या फाइलला होती. अट एकच होती, तुरुंगातली वागणूक निष्कलंक हवी.

एका बुधवारी विनंतीपेटीत निनावी चिठ्ठी निघाली. "कुत्र्यांचं खाणं तपासा," एवढंच. अकरा वाजता मी पडवीतल्या पेटीतली पोती उपसली. एका पोत्याच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल सापडला. तुरुंगात मोबाइल म्हणजे गंभीर गुन्हा.

एकेकाला बोलावून विचारलं. कोणी कबूल होईना. टोबीवाला म्हणाला, "खाणं काढायला पोत्यात आम्ही फक्त डाव घालतो, बॉस. तळ कोण बघतो?" पहाऱ्याच्या प्रमुखाला, कॅप्टनला, अहवाल दिला तेव्हा त्यानं सांगितलं, चारच्या मोजणीपर्यंत कोणी पुढे आला नाही तर काम बंद, कुत्री परत. मी ते पाचही जणांना ऐकवलं. ही आमची जुनी पद्धत होती. सगळ्यांचं काहीतरी काढून घेण्याची भीती घातली की एक जण पुढे येतो. तो खराच गुन्हेगार असतो की नाही, याची चौकशी पद्धतीत बसत नव्हती.

साडेतीनला पेनीवाला माझ्या दारात उभा राहिला.

"फोन माझा आहे, बॉस."

"कुठे ठेवला होतास?"

"खाण्यात."

"म्हणजे? पेटीत की पोत्यात?"

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पोत्यात."

"तळाशी?"

"तळाशी."

"घडीचा फोन?"

"हो, तसलाच."

मी लिहून घेतलं. त्यानं सही केली. मग विचारलं, "कुत्री राहतील ना आता?"

"राहतील."

"आणि माझं ते पत्र?"

"ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. त्यानं स्वतःहून सांगितलेली एकच गोष्ट होती, "खाण्यात," आणि तेही चौकशीमुळे पडवीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बाकीची उत्तरं मीच त्याच्या तोंडात घातली. नव्या माणसानं असे प्रश्न विचारले असते तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी फाइल पुरी करताना कोठाराची नोंदवही मागवली. ते पोतं त्याच बुधवारी पावणेदहाला कोठारातून पडवीत गेलं होतं. पेनीवाला आठपासून पहाऱ्यात गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे होता, एक वाजता परतला. बाकीचे चौघे सकाळभर संस्थेच्या शिक्षिकेबरोबर मैदानात होते. फाटकावरच्या यंत्रातून पोतं तपासल्याची खूण हवी, तो रकाना कोरा होता. पोत्याला हात लागला होता तो एकाच माणसाचा, कोठार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा. सहीही त्याचीच होती. असे फोन आत आणून बराकींत विकणारे अधिकारी मी आधीही पाहिले होते.

तो माझा मित्र होता. ही सबब नाही, पण सांगायला हवं. मी त्या तुरुंगात आलो तेव्हा माझ्यासारखा दिसणारा दुसरा अधिकारी नव्हता. जेवायच्या खोलीत माझा डबा उघडला की आसपासची टेबलं रिकामी व्हायची. हा एकटा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "ते पिवळं काय आहे, जरा चाखू दे." बायकोनं घातलेलं लिंबाचं लोणचं होतं ते. पुढे अकरा वर्षं आम्ही एकत्र जेवलो.

त्या दिवशीही जेवलो. त्यानं विचारलं, "मिळाला म्हणे तुझा माणूस?"

"कबुली दिली आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि लोणच्याची फोड उचलली. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

मी नोंदवही परत पाठवली. फाइलमध्ये तिचा उल्लेख केला नाही.

घरी बायकोला सांगितलं की केस सुटली. ती म्हणाली, "मग जेवत का नाही तुम्ही?"

पेनीवाल्याला महिनाभर एकांतात ठेवलं, चांगल्या वागणुकीची सूट कापली आणि दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात पाठवलं. संस्थेनं पत्र मागे घेतलं. तसं कळवणारा कागदही माझ्याच फाइलला लागला. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

मित्रानं काही महिन्यांत नोकरी सोडली. नंतर आमचं बोलणं झालं नाही. बायको गेली तेव्हाही त्याचा फोन आला नाही. गेल्या हिवाळ्यात तो वारल्याचं कळलं. त्याच्या हयातीत मी बोललो नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सुतारकाम शिकवणारा आमचा जुना शिक्षक अजून आहे. त्याच्याकडून पेनीवाल्याचा नंबर मिळाला. दोन दिवस तो समोर ठेवून बसलो, मग फोन केला. नाव सांगताच तो म्हणाला, "बॉस." अठरा वर्षांनी.

मी म्हणालो, "तुमचा हात त्या पोत्याला लागलाच नव्हता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं की तुम्हाला कळलंय. उत्तरं तुम्हीच देत होता."

संस्थेचं विचारलं. सुटल्यावर त्यानं दोनदा अर्ज केला होता. "दुसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी कॉफी पाजली, आणि मग नाही म्हणाल्या. कुत्र्यांच्या खाण्यात फोन लपवणारा माणूस, त्यांनी तरी काय करावं? गाड्या धुतल्या मी, गुडघे जाईपर्यंत."

मग त्यानं विचारलं, "होता कोणाचा?"

मी सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यानं बंद केला.

"म्हणजे पडवीतला कोणीच नव्हता?"

"नाही."

"मी टोबीवाल्याचा समजत होतो. त्याची मुलगी आजारी होती, दिवसभर फोनच्या रांगेत उभा असायचा. त्याचाच असणार, म्हणून मी गेलो. बाहेर आल्यावर त्यानं पत्रं पाठवली. हवापाण्याची, कुत्र्यांची. आभाराचा शब्द एकातही नाही. मला वाटलं, कसला माणूस आहे हा. उत्तर देणं सोडून दिलं मी."

"आता कुठे असतो तो?"

"गेला. चार वर्षं झाली."

इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या खोट्यानं एका माणसाची नोकरी गेली. तेवढंच गेलं नव्हतं. खऱ्या माणसाचं नाव झाकलं की त्याची जागा रिकामी राहत नाही. आसपासचे लोक तिथे कोणाला तरी बसवतात, आणि बहुधा आपल्या सगळ्यात जवळच्यालाच. चौकशी करणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी शिकायला हवं. मी ते बहात्तराव्या वर्षी, फोनवर शिकलो.

मी शपथेवर निवेदन करून खात्याला आणि संस्थेला पाठवलं आहे. खात्याकडून पोच आली, पुढे काही नाही. पेनीवाल्याला प्रत हवी का विचारलं, तर म्हणाला दोन पाठवा. दुसरी टोबीवाल्याच्या मुलीला द्यायची आहे.

"ती काय करणार त्या कागदाचं?" मी विचारलं.

"वाचेल," तो म्हणाला. "माझ्याकडून इतकी वर्षं उत्तर का आलं नाही, ते तिच्या घरी कोणाला तरी कळू दे."